ओढा वाचवायचा तर झाड कुठं लावायचं? आणि घरात काय बदलायचं?

जून-जुलै आला की सोशल मीडियावर एक फोटो हमखास दिसतो. दहा-बारा जण, हातात कुदळ-फावडी, मध्ये एक इवलंसं रोप आणि खाली पर्यावरणाचा एखादा हॅशटॅग. या फोटोत चुकीचं काहीच नाही. खरे प्रश्न त्यानंतरचे आहेत. मार्च महिन्यात त्या रोपाला पाणी कोण घालतं? आणि रोप ओढ्याकाठी लावलं असेल, तर त्याच ओढ्यात वरच्या वस्तीतून काय येऊन पडतं?

ओढे वाचवण्याच्या कामात झाडं लागतातच. पण लावण्याचा एक दिवस आणि सांभाळण्याचे उरलेले ३६४ दिवस, यात दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तो समजून घेऊया.

ओढा म्हणजे नेमकं काय?

डोंगरउतारावरून पावसाचं पाणी लहान धारांनी खाली येतं. या धारा एकत्र आल्या की ओहोळ होतो, ओहोळांचा ओढा होतो आणि ओढे नदीला मिळतात. कोकणात यालाच वहाळ किंवा पऱ्ह्या म्हणतात. म्हणजे नदीत येणारं बरंचसं पाणी आधी कुठल्या तरी ओढ्यातून आलेलं असतं. ओढे आजारी असतील तर नदी स्वच्छ होऊ शकत नाही, मग तिच्या घाटावर कितीही खर्च करा.

शहरांत मात्र ओढ्याचं नाव बदलतं. वस्ती वाढते, सांडपाणी सोडलं जातं आणि लोक त्याला ‘नाला’ म्हणू लागतात. एकदा नाला म्हटलं की त्यात कचरा टाकताना कुणाला काही वाटत नाही.

मुंबईची दहिसर नदी हे याचं ठळक उदाहरण. ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलावाच्या बाजूला उगम पावते. जंगलात तिचं पाणी खडकांवरून स्वच्छ वाहतं. उद्यानाची हद्द ओलांडून वस्तीत शिरली की काही किलोमीटरमध्येच तिचा रंग आणि वास बदलतो. नदी तीच, पाऊस तोच. बदलतात ते फक्त काठ आणि काठावरच्या सवयी.

ओढ्याकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं?

पुणेकरांना याचं उत्तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मिळालं. कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा वाहत मुठा नदीला मिळतो. एरवी कित्येकांच्या लक्षातही न येणारा हा ओढा त्या रात्रीच्या मुसळधार पावसात घराघरांत शिरला. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. शहर आणि परिसरात मिळून २० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला.

त्याआधी २६ जुलै २००५ ला मुंबईनं हेच पाहिलं होतं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठी नदीनं आपली जागा परत मागितली.

असा पाऊस झाला तर निव्वळ झाडांनी पूर थांबत नाही, हे इथंच स्पष्ट सांगायला हवं. पण पात्रात राडारोडा टाकलेला असेल, काठ बुजवलेले असतील, पुलाखालच्या मोऱ्या प्लास्टिकनं तुंबलेल्या असतील, तर त्याच पावसाचं नुकसान कैक पटींनी वाढतं. आणि या गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत.

झाड ओढ्यासाठी काय काम करतं?

चार कामं मुख्य आहेत.

१. काठ धरून ठेवणं. मुळं मातीला जाळीसारखी बांधतात. काठ उघडा असेल तर प्रत्येक पुरात माती वाहून जाते, ती खाली गाळ म्हणून साचते आणि पात्र उथळ होतं.

२. पावसाचा वेग कमी करणं. थेंब आधी पानांवर, मग फांद्यांवर, मग खालच्या पाचोळ्यावर पडतो. पाणी सावकाश खाली येतं आणि त्यातलं काही जमिनीत मुरतं. हेच मुरलेलं पाणी पावसाळा संपल्यावर झिरपत राहतं आणि ओढा हिवाळ्यातही वाहता राहतो.

३. सावली देणं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. काठावरची झाडं तोडली की पाणी तापतं, प्राणवायू कमी होतो आणि मासे, किडे टिकत नाहीत.

४. खाऊ घालणं. पाण्यात पडलेली पानं कुजतात, त्यावर लहान कीटक जगतात, कीटकांवर मासे आणि माशांवर खंड्यासारखे पक्षी. ओढ्याची अन्नसाखळी बऱ्याचदा एका पिकल्या पानापासून सुरू होते.

आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. सह्याद्रीत अनेक देवराया झऱ्यांच्या आणि ओढ्यांच्या उगमापाशी आहेत. देवाच्या नावानं राखलेल्या या झाडीला हात लावायचा नाही, हा नियम गावानं पिढ्यान् पिढ्या पाळला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचं महत्त्व विज्ञानाच्या भाषेत पुढे आलं.

‘उंबर लावला की पाणी येतं’, हे खरं का?

उंबराखाली पाणी असतं, असं गावाकडं म्हणतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर भूगर्भातलं पाणी शोधण्यावर ‘दकार्गल’ नावाचं अख्खं प्रकरण आहे आणि त्यात उंबर, जांभूळ, अर्जुन अशा झाडांच्या खुणा सांगितल्या आहेत. पण यात एक गफलत होते. उंबर पाणी असलेल्या जागी चांगला वाढतो, म्हणून तो पाण्याची खूण आहे. कोरड्या खडकावर उंबर लावल्यानं तिथं झरा फुटत नाही. झाड निवडताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

मग कुठं काय लावायचं?

ओढ्याचे चार पट्टे धरा.

*पात्र.* इथं काहीही लावायचं नाही. पात्रातलं झाड पुराच्या पाण्याला अडथळा करतं, त्याला कचरा अडकतो आणि पाणी काठ सोडून वस्तीत शिरतं.

*पाण्यालगतचा काठ.* इथं गवतं आणि लवचीक झुडपं हवीत. वाळा, लव्हाळा, निर्गुडी, शेरणी ही पुरात वाकतात आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहतात. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, त्यामुळे माती धरायला तो उत्तम.

*वरचा काठ.* इथं मोठी झाडं लावा. उंबर, करंज, अर्जुन, जांभूळ, वाळुंज ही पाण्याची सवय असलेली स्थानिक झाडं आहेत. दोन मोठ्या झाडांत किमान १५ ते २० फूट अंतर ठेवा. आज रिकामी वाटणारी जागा दहा वर्षांनी पुरत नाही.

*माथा आणि टेकडी.* इथं सगळ्यात जास्त चुका होतात. गवताळ टेकडी पाहिली की ‘उजाड’ समजून तिथं सरसकट खड्डे घेतले जातात. पण पुणे, सासवड, सोलापूर, अहिल्यानगर या कमी पावसाच्या पट्ट्यातले बरेच माळ हे मुळातच गवताळ आहेत. लांडगा, खोकड, माळरानातले पक्षी तिथंच राहतात आणि गवतही माती धरून ठेवतं. अशा जागी आहे ते गवत चराई आणि वणव्यापासून राखणं हेच मोठं काम आहे.

पटकन वाढतात म्हणून परदेशी झाडं लावण्याचा मोहही टाळावा. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. टेकड्या हिरव्या दिसू लागल्या, पण त्याच्या दाटीत स्थानिक झाडं-झुडपं मागं पडली. सुबाभूळही तशीच. एकदा पसरली की आवरत नाही.

लावलं, आता पुढं काय?

वनमहोत्सव ही कल्पना नवी नाही. क. मा. मुन्शी केंद्रीय मंत्री असताना, १९५० मध्ये तो सुरू झाला. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपं लावण्याचं उद्दिष्ट सरकारनं ठेवलं होतं. लावलेल्या रोपांचा आकडा बातमी होतो. जगलेल्या रोपांचा आकडा मात्र फार थोडे विचारतात.

रोप स्वतःच्या पायावर उभं राहायला साधारण तीन उन्हाळे लागतात. तीन उन्हाळे म्हणजे किती पाणी? हिशेब सोपा आहे. १०० रोपं, प्रत्येकी आठवड्याला १० लिटर, म्हणजे आठवड्याला १,००० लिटर. फेब्रुवारी ते मे अखेर साधारण १७ आठवडे धरले तर एका उन्हाळ्यात १७,००० लिटर. तीन उन्हाळ्यांत ५१,००० लिटर. म्हणजे १०,००० लिटरचे पाचाहून अधिक टँकर.

तुमच्या गटाकडे एवढ्या पाण्याची आणि माणसांची सोय नसेल, तर १०० ऐवजी २० रोपं लावा. २० जगलेली झाडं १०० वाळलेल्या काड्यांपेक्षा कधीही चांगली.

लावताना आणि लावल्यावर या गोष्टी पाळा:

- जागा कुणाची आहे ते आधी विचारा. महापालिका, वन विभाग, जलसंपदा विभाग किंवा खासगी मालक, ज्याची असेल त्याची लेखी परवानगी घ्या. पुढं झाड वाढल्यावर वाद होत नाहीत.
- पहिले एक-दोन चांगले पाऊस होऊ द्या. कोरड्या मातीत घाईनं लावू नका.
- शक्य असेल तर चार-पाच फुटी रोप घ्या. लहान रोप गवतात हरवतं आणि शेळ्यांच्या तोंडी लागतं.
- रोपाची प्लास्टिक पिशवी पूर्ण काढा आणि ती परत घेऊन या. ओढा वाचवायला जाऊन ओढ्याकाठी शंभर पिशव्या सोडणारे गटही असतात.
- शेजारी बांबूची काठी रोवून सुतळीनं सैल बांधा. आळं करा आणि त्यात पाचोळ्याचं आच्छादन घाला. ओल जास्त दिवस टिकते.
- डिसेंबर-जानेवारीत रोपांभोवतीचं वाळलेलं गवत कापून जाळरेषा काढा. टेकडीवरचा एक वणवा तीन वर्षांची मेहनत तासाभरात संपवतो.
- लोखंडी जाळी लावली असेल तर खोड जाड होण्याआधी ती काढा. कित्येक झाडं जाळीतच करकचून मरतात.

घरातलं पाणी ओढ्यात जातं तरी कसं?

शहरात दोन वेगळ्या वाहिन्या असतात. एक सांडपाण्याची. बाथरूम, संडास, स्वयंपाकघरातलं पाणी तिच्यातून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडं जाणं अपेक्षित असतं. दुसरी पावसाळी वाहिनी. रस्त्याच्या कडेच्या जाळीतून आत जाणारं पाणी बहुतेक ठिकाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट ओढ्यात पडतं.

म्हणजे सोसायटीच्या आवारात गाडी धुतली, रंगाचे ब्रश रस्त्यावर खंगाळले, दुकानासमोरची फरशी फिनेल टाकून बाहेर ढकलली, तर ते सगळं ओढ्यात गेलं. शुद्धीकरण केंद्र मध्ये आलंच नाही.

आणि सांडपाण्याच्या वाहिनीतलंही सगळं पाणी केंद्रापर्यंत पोचतंच असं नाही. कुठं वाहिनी फुटलेली असते, कुठं जोडलेलीच नसते. म्हणून घरातून निघणारं पाणी जितकं कमी विषारी, तितकं बरं.

रोजच्या सवयी: कुठं काय बदलता येईल?

स्वयंपाकघर. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. ते वाहिनीत थिजतं, वाहिनी तुंबते आणि मैलापाणी चेंबरमधून उफाळून ओढ्यात जातं. तेलकट कढई आधी कागदानं पुसा, मग घासा. वापरलेलं तेल बाटलीत साठवा. एफएसएसएआयनं २०१८ मध्ये ‘रुको’ उपक्रम सुरू केला आहे, त्यात असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल केलं जातं. जवळ संकलन केंद्र आहे का ते पाहा. हॉटेल आणि खानावळींसाठी हे जास्त उपयोगाचं.

कपडे आणि भांडी. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता, हा समज चुकीचा आहे. पाकिटावर लिहिलंय तेवढीच पावडर वापरा, बऱ्याचदा त्याहून कमी पुरते. डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असेल तर ते पाण्यात खतासारखं काम करतं. शेवाळ आणि जलपर्णी फोफावते, पाणी झाकलं जातं आणि आतला प्राणवायू संपतो.

संडास-बाथरूम. ॲसिडचा मारा रोज करायची गरज नसते. सॅनिटरी पॅड, डायपर, वेट वाइप्स फ्लश करू नका. कागदात गुंडाळून, खूण करून सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्या. मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये ओतू नका.

दुधाची पिशवी. पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीला चिकटलेला राहू द्या. तो इवलासा तुकडा कुणी गोळा करत नाही. तो केरात जातो, तिथून गटारात, तिथून ओढ्यात.

ओला कचरा आणि निर्माल्य. ओल्या कचऱ्याचं घरी किंवा सोसायटीत खत करा. पुलावरून गाडी थांबवून प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य खाली टाकणं ही भक्ती नव्हे. फुलं-पानं कुंडीत घाला, त्यांचंही खतच होतं.

गणपती. शाडूची मूर्ती घरी बादलीत विरघळते, ती माती पुढच्या वर्षी वापरता येते. मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दाखवलेली पद्धत वापरा. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून त्यात मूर्ती बुडवायची. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट उरतं आणि वरचं पाणी पातळ करून झाडांना घालता येतं.

घराचं नूतनीकरण. फरशी बदलली, भिंत पाडली. तो राडारोडा कुठं गेला? ठेकेदार ‘आम्ही बघतो’ म्हणतो आणि रात्री टेम्पो ओढ्याकाठी रिकामा होतो. काम देतानाच राडारोडा महापालिकेच्या ठरलेल्या जागी टाकायचा, असं लेखी ठरवा आणि त्याचे पैसे द्या. पूर टाळण्यासाठी एक कुटुंब करू शकेल अशी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

सोसायटीचं आवार. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १,००० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी खाली येतं. आवार पूर्ण काँक्रीटचं असेल तर हे सगळं काही मिनिटांत रस्त्यावर आणि ओढ्यात. शोषखड्डे, गच्चीच्या पाण्याचं पुनर्भरण आणि थोडी उघडी माती ठेवली तर तेवढा भार कमी होतो.

गट करून काम करायचं तर?

पुण्यात ‘जीवितनदी’ या संस्थेचे स्वयंसेवक नदीकाठाचा एकेक तुकडा दत्तक घेऊन काम करतात आणि घरातल्या रसायनांबद्दलही लोकांशी बोलतात. ही पद्धत कुठल्याही ओढ्याला लागू पडते. सगळा ओढा घेऊ नका. २०० मीटरचा एक तुकडा निवडा आणि वर्षभर तिथंच जा.

सुरक्षिततेत कसूर नको. हातमोजे आणि गमबूट घाला. काचा, सुया असतात, सापही असतात. साचलेल्या घाण पाण्यात जखम उघडी ठेवू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. वर डोंगरात पाऊस सुरू असेल तर पात्रात उतरू नका. तुमच्याकडे ऊन असलं तरी पाणी मिनिटांत वाढू शकतं.

आणि जेसीबी लावून काठ तासून ‘स्वच्छ’ करू नका. कचरा काढायचा असतो, काठावरचं गवत नाही.

फरक पडतोय हे कसं कळणार?

प्रयोगशाळा लागत नाही. दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच कोनातून फोटो काढा. जगलेली रोपं मोजून तो आकडा लावलेल्यांच्या आकड्याशेजारी लिहा. पाण्याचा वास आणि फेस नोंदवा. चतुर आणि टाचण्या दिसतात का पाहा. त्यांची पिल्लं पाण्यातच वाढतात, त्यामुळे त्यांची विविधता वाढली तर ती चांगली खूण. ओढ्यात राडारोडा किंवा मैलापाणी येताना दिसलं तर तारीख आणि ठिकाणासह फोटो महापालिकेकडं तक्रार म्हणून नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. एका फोटोपेक्षा वर्षभराच्या नोंदी अधिकाऱ्यांना टाळायला अवघड जातात.

वर्षभरात कधी काय करायचं?

- एप्रिल-मे: ओढ्यातला आणि मोऱ्यांतला कचरा काढा, जागेची परवानगी घ्या, रोपवाटिकेत स्थानिक रोपांची मागणी नोंदवा.
- जून-जुलै: लागवड करा, लावलेल्या प्रत्येक रोपाला क्रमांक द्या.
- ऑगस्ट-सप्टेंबर: मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावा, तण काढा, गणेशोत्सवात घरच्या विसर्जनाचा प्रचार करा.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: आळी नीट करा, आच्छादन घाला, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या ठरवा.
- डिसेंबर-जानेवारी: जाळरेषा काढा, काठ्या बदला.
- फेब्रुवारी-मे: दर आठवड्याला पाणी. हे सलग तीन वर्षं.

यातली सगळी कामं प्रत्येकाला जमणार नाहीत. कुदळ उचलता येत नसेल तर मार्चमधल्या एका रविवारची पाण्याची पाळी घ्या. तेही शक्य नसेल तर आजच्या कढईतलं तेल तेवढं सिंकमध्ये ओतू नका.